गायक : रेगे

सत्काराच्या शालीला डांबरगोळ्यांचा वास येतो. ती शाल दुकानातून आलेली नसते. ती कुणाच्या तरी कपाटातून येते, आणि त्या कपाटात ती आधीच्या एखाद्या सत्कारातून जाऊन पडलेली असते. ठाण्यापासून कल्याणपर्यंतच्या टापूत त्या काळी मोजक्याच शाली असाव्यात आणि त्याच सगळ्या मान्यवरांच्या खांद्यांवरून आळीपाळीने फिरत असाव्यात, असा माझा जुना संशय आहे.

हा वास मला जवळून माहीत आहे, कारण मी निवेदन करायचे. डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी शिकवायचे आणि सुट्टीच्या दिवशी एका वाद्यवृंदात दोन गाण्यांच्या मधलं बोलायचे. शाळेच्या स्नेहसंमेलनात माझं बोलणं ऐकून वाद्यवृंदाच्या चालकांनी विचारलं होतं. उच्चार स्वच्छ आहेत, म्हणाले. मी शेरोशायरी करणार नाही, एवढी एकच अट घातली. त्यांनी ती मान्य केली आणि पहिल्याच कार्यक्रमात माझ्या हातात शेर लिहिलेला कागद ठेवला. तो मी घडी करून पर्समध्ये टाकला. पुढे असे पुष्कळ जमले.

रेगे मला भेटला तो कल्याणच्या एका मैदानावर, स्टेजच्या मागे. ऐंशीचं दशक निम्मं सरलं असेल. त्याची कॅसेट तेव्हा एवढी चालली होती की कान झाकल्याशिवाय त्यातून सुटका नव्हती. हळदी, साखरपुडे, गणपती, रिक्षा, पानाच्या टपऱ्या, सगळीकडे तेच एक गाणं. कॅसेटवर दहा गाणी होती, पण बाकीची नऊ कुणी ऐकल्याचं मला आठवत नाही. लोक गाणं संपलं की टेप मागे फिरवायचे.

गाण्याची पहिली ओळ होती, ‘मीठ झाला गोर, बाय, मीठ झाला गोर’. खाडीकाठच्या आगरी बोलीत ड चा र होतो, म्हणजे गोर म्हणजे गोड. मिठागरात एक पोरगी पाय ठेवते आणि मीठ गोड होतं, अशी साधी कल्पना. शहरातल्या लोकांनी ते ‘गोरं’ असं ऐकलं. आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनी तर मीठ शुद्ध केल्यावर पांढरं का दिसतं ते शिक्षकखोलीत समजावूनही सांगितलं होतं.

तर स्टेजच्या मागे लोखंडी खुर्चीवर तो बसला होता. अंगात झगमगीत शर्ट, नखांच्या कडा जांभळ्या. तो एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात कामाला होता हे नंतर कळलं. माझ्या यादीत त्याचं नाव फक्त ‘श्री. रेगे’ एवढंच होतं. नुसत्या आडनावावर काय बोलायचं, म्हणून मी आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, “तुम्ही कुठले रेगे?”

“कोपरचा.”

“कोपरला रेगे आहेत?”

“नाय,” तो म्हणाला. “मीपन नाय.”

मग त्याने सांगितलं. वाद्यवृंदातल्या ऑर्गनवाल्याचा मेहुणा गल्फमधून एक परदेशी कॅसेट घेऊन आला होता. तिच्यातला ताल असा की जिथे टाळी पडावी तिथे पडत नाही आणि मधल्याच जागी गिटार उचकी लागल्यासारखी वाजते. ऑर्गनवाल्याने तो या गाण्याला लावला. आणि त्या तालाचं नाव रेगे.

“रेगे हा तालाचा नाव हाय बाई. मानसाचा नाय.”

घोटाळा असा झाला होता. कल्याणच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानदाराने ती कॅसेट काढली होती. तिचा कागद लग्नपत्रिका छापणाऱ्या छापखान्यात छापला. त्यावर दोन ओळी यायच्या होत्या, ‘ताल : रेगे’ आणि त्याखाली ‘गायक’ म्हणून याचं नाव. पण दुकानदाराला स्वतःचा फोटो थोडा मोठा हवा होता. सफारी घातलेला, कानाला फोन लावलेला फोटो. कुणाशी बोलत होता देव जाणे. फोटो मोठा झाला, ओळींना जागा उरेना, आणि अक्षरांचे खिळे जुळवणाऱ्याने दोन ओळींची एक केली. ‘गायक : रेगे’. त्या बिचाऱ्याचा जन्म आडनावं जुळवण्यात गेलेला. रेगे नावाचा ताल असू शकतो हे त्यालाच काय, मलाही त्या संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं.

पुढच्या छपाईत सुधारू, असं दुकानदार म्हणाला होता. पुढच्या छपाईपर्यंत गिऱ्हाइकं येऊन ‘ती रेगेची कॅसेट’ मागायला लागली होती. मग कशाला सुधारतो.

“आज मी दुसरा गाना म्हननार,” तो मला म्हणाला. “पयला माझा नाव सांगा. मंग दुसरा गाना. कोनी पुरा आयकलाच नाय अजून.”

त्याला हवं होतं ते एवढंच. त्याची आई लग्नात धवले म्हणायची. आगरी लग्नात विधीची गाणी म्हणणाऱ्या बाईला धवलारीण म्हणतात, आणि तिच्याशिवाय लग्न लागत नाही. एरवी ती डोक्यावर मीठ वाहायची. गाण्याची ओढ त्याला तिच्याकडून आलेली. पहिलं गाणं त्याने तिच्या गुणगुणण्यातून उचललं होतं. दुसरं मात्र अक्षर न् अक्षर स्वतः जुळवलं होतं, आणि ते कॅसेटवर नव्हतं. ते एकदा माणसांसमोर सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणायचं आणि त्याआधी आपलं खरं नाव सांगायचं.

मी माइकवरून त्याचं खरं नाव नीट घेतलं. मैदानातून आवाज आला, “रेगे कुठाय?” तो आला, लोकांनी ओळखलं, गाणं झालं. पुन्हा झालं. पुन्हा झालं. मग तो माइकशी वाकून म्हणाला की आता माझं दुसरं गाणं. ‘वाच गो पोरी, पाटी काय बोलते’ एवढी एक ओळ त्याने म्हटली आणि पुढच्या रांगांतून शिट्ट्या सुरू झाल्या. ऑर्गनवाल्याने लोकांकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, आणि मिठाचं गाणं सुरू केलं. गिटारला उचकी लागली. तोही गायला लागला. काय करणार होता?

ही एक ओळ मी पुढच्या काही वर्षांत इतक्यांदा ऐकली की तिच्यापुढे काही आहे यावर माझा विश्वास उरला नव्हता.

ठाण्याला एका ज्ञातिसंस्थेने त्याचा सत्कार ठेवला. संस्था कुठली ते सांगायला नको, आडनावावरून ओळखा. त्यांनी कॅसेटवर ‘रेगे’ वाचलं होतं आणि त्यांचा ऊर भरून आला होता. आपला मुलगा गाण्यात पुढे आला. आमंत्रण हाती पडलं तेव्हा हा कोपरहून डोंबिवली पूर्वेला चालत माझ्या घरी आला. जाऊ का, म्हणून विचारायला. मी म्हटलं, त्यांना आधी कळवा. तो म्हणाला, “कळवला तर बोलवतील का? थितं जाऊन सांगतो. शिकलेली मानसा हायेत, गाना पुरा आयकतील.”

शिकलेल्या माणसांवरचा त्याचा हा विश्वास कुठून आला होता मला माहीत नाही. माझ्यावरून आला असेल तर मला त्याची लाज वाटते.

निवेदनाला मीच होते. अध्यक्ष मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले होते आणि निवृत्त झालो हे त्यांना अजून पटलेलं नव्हतं. हात मागे बांधून ते बोलत होते. आपल्या समाजातला एक तरुण खाडीकाठी जातो, त्या साध्याभोळ्या लोकांची बोली आत्मसात करतो, आणि त्यांचं गाणं सुसंस्कृत करून जगापुढे ठेवतो. मग त्यांनी ‘मीठ झालं गोरं’ या ओळीचा अर्थ सांगितला. तो आपल्या समाजाच्या वर्णाशी कसा नेऊन भिडवला, ते इथे लिहायची माझी तयारी नाही. पुढच्या रांगेतल्या बायका मान डोलावत होत्या. समोर गुलाबपाण्याचा फवारा मारणारा उत्साही गृहस्थ दर दोन मिनिटांनी माझ्याच तोंडावर फवारत होता.

शाल घातली, श्रीफळ दिलं, काचेचं स्मृतिचिन्ह दिलं. त्यावर सोनेरी अक्षरांत आडनाव होतं. तो माइकसमोर गेला.

“मी रेगे नाय,” तो म्हणाला. “माझा नाव वेगला हाय.” मग त्याने नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, गाव सांगितलं, जात सांगितली. आई मिठाच्या पाट्या वाहायची तेही सांगितलं. काही लपवलं नाही, काही वाढवलं नाही. “रेगे तालाचा नाव हाय. चूक छापखान्याची हाय. तुमी रागवू नका. आता मी दुसरा गाना बोलतो.”

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. सभागृहात सगळ्यांना एकदम खोकला आला. अध्यक्ष उठून पुन्हा माइकशी आले, त्याच्या खांद्यावर दोन बोटं टेकवली आणि म्हणाले, “कलावंताला जात नसते.” मग ती दोन बोटं त्यांनी रुमालाला पुसली. मुद्दाम पुसली असं मी म्हणणार नाही. घाम असेल. पण पुसली.

वेळेअभावी पुढचा कार्यक्रम आटोपता घेत आहोत, असा चिठोरा माझ्याकडे आला. सात वाजायचे होते. खाली उतरताना चिटणीस त्याच्याजवळ आले आणि फार गोड आवाजात म्हणाले, “ते चिन्ह जरा द्या बरं का. नाव दुरुस्त करून घरी पोचवतो.”

त्याने दिलं. पुढे कित्येक महिने तो मला भेटला की सांगायचा, अजून आला नाय बाई, नाव बारीक असेल, येल लागत असेल. तो हे चेष्टेने म्हणायचा की खरंच वाट पाहत होता, हे मला कधी ठरवता आलं नाही.

ही बातमी फिरली आणि त्याचा वेगळाच भाव वाढला. रेगे हा रेगे नसून इथलाच आहे, भूमिपुत्र आहे, हे काही लोकांना उपयोगी वाटलं. वर्तकनगरच्या बाजूला एका पुढाऱ्याचा वाढदिवस होता. पुढाऱ्याचा खास माणूस वाद्यवृंदाकडे आला. गाणं तेच हवं, पण मिठाच्या जागी ‘साहेब’ घाला, म्हणाला. मी हळूच विचारलं, अर्थ काय होईल? तो म्हणाला, बाई, अर्थाचं आम्ही बघतो.

आमच्या माणसाने अट घातली. साहेबांचं गाणं म्हणतो, पण त्यानंतर माझं दुसरं गाणं, पुरं. खास माणसाने छातीवर हात ठेवून शब्द दिला. तो हात दिवसातून बऱ्याच जणांसाठी छातीवर जात असावा. शर्ट तिथेच मळला होता.

व्यासपीठ म्हणजे फुलांचं कोठार झालं होतं. साहेबांच्या गळ्यात हार घालायला रांग, आणि हार घातलेला फोटो निघेपर्यंत हार धरून उभं राहायचं. फोटो निघाला की तोच हार मागून काढून पुढच्याला. साहेब रंगाने चांगले सावळे होते, यात काही वाईट नाही. पण दोन हजार माणसांसमोर ‘साहेब झाले गोर, बाय, साहेब झाले गोर’ असं सुरू झालं आणि शहरी माणसांनी नेहमीप्रमाणे ते ‘गोरे’ असं ऐकलं. आधी मागून एक जण हसला. मग सगळं मैदान हसलं. आगरी मंडळींना आधी कळेना हे का हसतात. कळल्यावर ती जास्तच हसली. साहेबही हसत होते, कारण त्यांना वाटलं लोक खूश आहेत. मग त्यांच्या कानात कुणीतरी काहीतरी सांगितलं.

“कोणी लिहिलं हे?” खास माणसाने स्टेजमागे येऊन विचारलं. शब्द त्यानेच घालायला लावले होते, पण हे त्याला आठवेल अशी वेळ नव्हती. “टिंगल करतोस काय रे साहेबांची?”

“गोर म्हंजी गोड,” हा म्हणाला. “साहेब गोड झाले.”

“साहेब काय जिलेबी आहेत?”

माइकची वायर ओढून काढली गेली. दुसरं गाणं तिथे ओळभरही झालं नाही.

कॅसेटवाल्या दुकानदाराचा संयम या सगळ्यात संपला. हा माणूस जिथे जातो तिथे ‘मी रेगे नाय’ म्हणतो आणि धंद्याची वाट लावतो. त्याने याला दुकानात बोलावलं. रविवार होता, मीही होते, कारण याने मला बोलायला सोबत नेलं होतं. दुकानात टेपरेकॉर्डर एकावर एक रचलेले, आणि भिंतीवर तोच फोनवाला फोटो, आता फ्रेममध्ये.

दुकानदाराने सरळ सांगितलं. नवी कॅसेट काढतो. तुझं दुसरं गाणं पहिल्या नंबरला घालतो, पुरं. पण नाव रेगे. आणि स्टेजवर पुन्हा तोंडातून दुसरं नाव काढायचं नाही.

मी त्याच्याकडे बघायचं टाळलं. दुसरं गाणं गावोगाव वाजणार होतं, आणि लोक ते रेगेचं म्हणून ऐकणार होते. मला विचारलं असतं तर मी घे म्हणाले असते. त्याने विचारलं नाही.

“नाव नाय लावला तरी चालल,” तो म्हणाला. “कोरा ठेवा. पन दुसऱ्याचा कशाला लावू?”

“कोरं कसं ठेवू? नाव माझ्या कॅसेटचं आहे,” दुकानदार म्हणाला. “तुला होत नसेल तर दुसऱ्या कुणाच्या अंगात घालीन.”

मला वाटलं बोलण्याची पद्धत आहे. नव्हती. काही महिन्यांनी टिटवाळ्याकडचा एक तरुण त्याने उभा केला. डोक्याला टोपी, संध्याकाळीही काळा चष्मा, कमरेत लवचीक. गाता येत नव्हतं, पण त्याची गरज नव्हती. मागे जुनी कॅसेट लावायची आणि पुढे याने ओठ हलवायचे. भिंतींवर रंगवलेल्या जाहिराती आल्या, ‘मूळ आणि एकमेव रेगे’.

कल्याणला त्याच्या पहिल्या कार्यक्रमाचं निवेदन माझ्या वाट्याला आलं. माझ्या हातात कागद होता, त्यावर मूळ, एकमेव, खाडीचा राजा वगैरे सगळं होतं. तो कागद मी पर्समध्ये टाकला आणि म्हटलं, “यानंतर ऐका रेगे.” ते खरं होतं. पुढे वाजणार होता तो रेगेच होता.

आमचा माणूस मैदानात आला होता. कशाला आला होता, कोण जाणे. स्टेजच्या पायऱ्यांशी छातीला बिल्ला लावलेल्या कार्यकर्त्याने त्याला अडवलं. मी वरून बघत होते. कार्यकर्ता म्हणत होता, काका, मागे व्हा, रेगे वर आहेत. हा म्हणाला, “हो, थो रेगेच हाय. मी नाय.” आणि मागे झाला. मग त्याचा आवाज सगळ्या मैदानावर सुरू झाला, कर्ण्यांतून, त्याच्या आईच्या हेलासकट, आणि टोपीवाल्याचे ओठ त्या आवाजावर मासळीसारखे उघडझाप करत राहिले. लोक नाचत होते. तो खाली उभा राहून ऐकत होता. मला स्टेजमागे जाऊन पाणी प्यावं लागलं. पाण्यालाही ठाण्याच्या त्या गुलाबपाण्याचा वास येतोय असं वाटलं.

त्या दिवशी मी निवेदन सोडलं असं लिहायला आवडलं असतं. सोडलं नाही, आणखी काही वर्षं करत राहिले. त्याने मात्र गाणं सोडलं. म्हणजे स्टेज सोडलं. कारखाना होताच.

नव्वदचं दशक बरंच पुढे गेल्यावर तो एकदा बाजारात भेटला. केस पांढरे झाले होते, नखं तशीच होती. एका रविवारी घरी या, म्हणाला. एकदा बसून आयका. माणसं जमवतोय का, असं मी विचारलं. तो म्हणाला, नाय, तुमी आनि घरची.

कोपरला रुळांच्या पलीकडे त्याचं बैठं घर. सकाळचे दहा-साडेदहा वाजले असतील. त्याची बायको ओटीवर बसून कोलंबी सोलत होती. “या बाई, बसा,” ती म्हणाली. “ह्यांचा गाना लांब हाय. ज्यावूनच जा.”

तो उभा राहिला. आम्हा दोघींसमोर, भिंतीशी. आधी त्याने स्वतःचं नाव सांगितलं, बापाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. बायकोने हातातली कोलंबी खाली ठेवली, बहुधा हसू दाबायला. मग तो गायला.

गाणं असं होतं. एक बाप आहे, त्याला वाचता येत नाही. त्याच्या जुन्या मिठागराच्या जागेवर कुणीतरी पाटी ठोकली आहे, आणि तो शाळेत जाणाऱ्या मुलीला म्हणतो, वाच गो पोरी, पाटी काय बोलते. मुलगी वाचते. पहिलं कडवं असं, दुसरंही असंच. तिसऱ्यात तो बाप एकाएकी सगळ्या जगाला उपदेश करायला लागतो, शिका, दारू सोडा, एकीने राहा. मग ध्रुवपद चार वेळा येतं. ताल रेगे नव्हता, कसलाच नव्हता, तो मांडीवर हाताने धरत होता. आवाज आता जरा फाटलेला होता.

“कसा वाटला?” त्याने विचारलं.

मी आयुष्यभर मुलांच्या निबंधांवर शेरे लिहिले आहेत. आणि इतक्या सत्कारांनंतर मला या माणसाशी गोड बोलायची इच्छा नव्हती. मी सांगितलं, पहिली दोन कडवी चांगली आहेत, तिसऱ्यात गाणं पडतं. शेवट फार लांबलाय. एकूण मिठाच्या गाण्याएवढं नाही.

“मना त कवाच परलेला,” बायको कोलंबीकडे वळत म्हणाली. परलेला म्हणजे पडलेला.

तो माझ्याकडे बघत राहिला. मला वाटलं दुखावला. पण त्याचा चेहरा हळूहळू उजळत गेला, आणि त्याने स्वतःच्या मांडीवर एक थाप मारली.

“परला त परला,” तो म्हणाला. “पन पुरा आयकून परला ना?”

मग तिसरं कडवं काढून त्याने गाणं पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. शेवट तरीही लांबलाच.